काहीच नसलेली काच

कस्तुरानं पहिल्याच रविवारी एका ताऱ्याला कचरा ठरवलं, आणि कासारवाडीच्या आकाश मंडळात हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली.

तिचा तरी काय दोष! पिंपरीच्या औषधाच्या कंपनीत ती इंजेक्शनच्या बाटल्या तपासायची. दिव्यासमोर बाटली धरायची, हलकेच फिरवायची, आत काळा कण दिसला की बाजूला काढायची. दिवसभर हेच काम. आणि इथं अण्णासाहेबांनी तिच्यापुढं आकाशाचे जे फोटो ठेवले, त्यांत निगेटिव्हसारखं सगळंच उलटं. आकाश पांढरं नि तारे काळे!

अण्णासाहेब शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. पण शिकवणं काही सुटलं नव्हतं. दूरच्या डोंगरावर एक नवी दुर्बीण उभी राहत होती. ती सगळ्या आकाशाचे फोटो काढणार, आणि काही दिवसांनी तेच आकाश पुन्हा टिपणार. दोन्ही फोटो ताडून, मधल्या काळात नवं काय उगवलं ते शोधायचं. एवढे फोटो बघायला वेधशाळेची माणसं पुरणार नव्हती, म्हणून गावोगावच्या हौशी मंडळांना तयार करणं चाललं होतं. जे मंडळ परीक्षेत उतरेल त्याच्याकडे अगदी पहिल्या फोटोंच्या प्रती येणार होत्या. कासारवाडीकरांची झोप उडाली होती ती त्यासाठीच.

मंडळातले रंगराव कंपनीत फिटर. त्यांनी एक पेटी बनवली होती. आत काचेवरचे दोन फोटो, मागं दोन बल्ब, मधे आरसे. बटण दाबलं की एकदा हा फोटो उजळायचा, एकदा तो, पण दोन्ही एकाच जागी दिसायचे. जुने तारे जागच्या जागी बसून राहायचे. नवा असेल तो मात्र टुणकन उगवायचा नि मावळायचा. सरावासाठी अण्णासाहेब एका फोटोत असा एक खोटा तारा घालून ठेवत. कस्तुरानं नेमका तोच कचऱ्यात काढला होता.

"वहिनींनी तारा रिजेक्ट केला, राव!" रंगराव म्हणाले.

अण्णासाहेबांनी तिच्या हातात भिंग दिलं. "कस्तुरा, कचरा तुला ओळखता येतो ना? मग आता कण आणि तारा शेजारी शेजारी बघ. कण कसा दिसतो?"

"कडा धारदार आहे, सर."

"आणि तारा?"

"तारा..." ती वाकली. "कडेला विरत जातोय. टीपकागदावर शाई पडल्यासारखा."

"झालं की मग! अर्धं तर तुला येतंच होतं."

त्या दिवसापासून कस्तुराला वेडच लागलं. घरी भीमराज, तिचा नवरा, म्हणायचा, "कंपनीत ठिपके, मंडळात ठिपके. माझ्या भाकरीवरचे तेवढे तपासू नकोस बाई, उपाशी राहीन!"

परीक्षेच्या सकाळी वेधशाळेतून विमलबाई आल्या. प्रत्येकाला एक जोडी. एकाचीही चूक झाली की प्रती दुसऱ्या गावाला. रंगरावांना तारा सापडला, टाळ्या पडल्या. मंडळातल्याच मालोजीला सापडला, पुन्हा टाळ्या. मग कस्तुरा पेटीपाशी बसली.

बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. कोपऱ्यात एक ठिपका टुणकन उगवला! आता फक्त बोट दाखवायचं होतं. तिनं भिंग लावलं. कडा धारदार होती.

"वहिनी, दिसला ना? मग सांगून टाका की!" मागून रंगराव कुजबुजले.

कस्तुरानं मान वर केली. "बाई, ह्यात नवीन काहीच नाही."

"कोपऱ्यात उडतंय ते काय मग?" विमलबाईंनी विचारलं.

"धूळ आहे."

"बाकीच्यांना तर सगळ्यांना सापडले."

"त्यांच्या काचेत असतील. माझ्या नाहीत."

रंगरावांनी कपाळाला हात लावला. विमलबाई मात्र हसत सुटल्या. "ह्या जोडीत आम्ही काही घातलंच नव्हतं! धूळ तेवढी मुद्दाम राहू दिली. मागच्या गावात तिलाच नवा तारा म्हणून पेढे वाटायला निघाले होते. खऱ्या फोटोंत बहुतेक वेळा असंच असणार. नसेल तिथं नाही म्हणणारं माणूस आम्हाला आधी हवं."

पुढच्या महिन्यात स्टेशनवर प्रतींचं लाकडी खोकं उतरलं. रंगरावांनी ते तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून आणलं. पहिली जोडी कोणी बघायची, ह्यावर चर्चाच झाली नाही.

कस्तुरा बसली. ह्या काचेत अण्णासाहेबांनी काही घातलेलं नव्हतं, विमलबाईंनीही नाही. ह्या गणिताचं उत्तर आज मास्तरांनासुद्धा ठाऊक नव्हतं. तेच तिच्या खांद्यावरून लहान पोरासारखे डोकावत होते.

"काय दिसतंय? अगं, बोल की!"

"अजून काहीच नाही, सर!" ती आनंदानं ओरडली, आणि तिनं पुन्हा बटण दाबलं.