अडीनडीचा सिलेंडर

आमचा खटपट्या, म्हणजे माझा धाकटा भाऊ, जुनं ग्राफिक्स कार्ड आधी हुंगतो. हसू नका, खरंच हुंगतो. जळका वास आला, तर ते कॉम्प्युटरच्या आसपाससुद्धा न्यायचं नाही. वास नसला तर पंखे बोटानं फिरवून बघायचे, ब्रशनं धूळ काढायची, आणि मगच ते हलक्या हातानं खाचेत बसवायचं. लोकांनी खेळून खेळून पार पिट्टा पाडलेली कार्डं हा विकत घेतो, तपासतो, चांगली निघाली तर विकतो. कॉम्प्युटर एकच, पोट त्याच्यावर. एखादं खराब कार्ड कॉम्प्युटरलाही घेऊन बुडेल, म्हणून हे सगळं सोवळं. लाइट गेले तरी तपासणी मधेच तुटू नये म्हणून त्यानं बॅटरीची मोठी पेटी आणून कॉम्प्युटर तिच्यावर जोडला होता. लाइट गेले की ती पेटी कोकलायची. बाबांची झोप मोडते म्हणून यानं तिचा आवाज बंद करून टाकला.

बाबा आतल्या खोलीत. छातीचं पार खोकं झालेलं. भिंतीतल्या प्लगला लावलेलं ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरायचं, पेटीला त्याचा भार झेपायचा नाही, त्याची नळी बाबांच्या नाकाला. थोडा वेळ नळी निघाली तरी ओठ निळे पडायचे. त्यांना माणसांत ठेवणारं तेवढंच एक होतं.

आणि घरातलं वायरिंग आमच्या आजोबांच्या वयाचं. कार्डाला पूर्ण ताण दिला, की कधीकधी मेन स्विच खाली पडायचा. म्हणून मीच नियम केला होता: तपासणीआधी बाबांनी नळी मशीनवरून काढून उशाशी ठेवलेल्या सिलेंडरला लावायची. त्यांना बसल्या जागी जमायचं ते. खटपट्या बाहेरून ओरडायचा, "बाबा, नळी बदला!" आतून आवाज यायचा, "बदलली रे!" मगच हा बटण दाबायचा. हयगय करायचा नाही हो, उगाच कशाला बोलू.

आता बाबांचं सांगते. नवी छत्री प्लास्टिकमध्ये ठेवून जुन्या भोकाच्या छत्रीतून भिजत येणारा माणूस. नवा टॉवेल कपाटात, अंगाला चिंधी. विचारलं की, "असू दे, अडीनडीला लागेल." आईनं जन्मभर डोकं आपटलं. मीसुद्धा एकदा वैतागून म्हणाले होते, "बाबा, अडीनडी काय कपडे करून दारात येते का, मी आले म्हणून सांगायला?" तर खोकत खोकत हसले.

त्या दुपारी मी दवाखान्यातून घरी आले. दातांच्या दवाखान्यात काम करते मी. बेल वाजली नाही. किल्लीनं दार उघडलं, तर कार्डाचे पंखे मिक्सरसारखे केकाटत होते आणि खटपट्या पडद्यावरच्या तापमानात डोळे घालून बसलेला.

"ताई, टेबलाला धक्का नको हं. मस्त चाललंय. एवढं दमदार कार्ड आजवर हातात आलं नव्हतं."

"लाइट गेलेत."

"छे, हे चालू आहे की."

"अरे गाढवा, पेटीवर चालू आहे! बेल वाजत नाहीये. बाबा?"

"ते सिलेंडरवर आहेत. विचारलं मी. बदलली म्हणाले. थांब, हे नीट बंद करून आलोच, तापलेलं एकदम बंद केलं तर जाईल."

मी आत गेले.

मशीन गप्प. बाबा पलंगावर अर्धे उठलेले, एक हात भिंतीकडे. ओठांकडे बघवत नव्हतं. मी मनगट धरलं, मानेला हात लावला, छातीवर कान ठेवला. काही नव्हतं. हात गार पडायला लागले होते. नळी नाकालाच होती, आणि तिचं दुसरं टोक मशीनला.

सिलेंडर उशाशी उभा. त्याच्या चावीला दुकानातून बांधून येते ती लाल पट्टी तशीच, न तुटलेली. काटा पार भरल्याच्या खुणेवर. हा सिलेंडर घरात आल्यापासून खटपट्यानं कितीतरी कार्डं तपासली होती. दर वेळी हा ओरडला होता, दर वेळी ते "बदलली रे" म्हणाले होते. एकदाही बदलली नव्हती. अडीनडीला ठेवला होता म्हाताऱ्यानं! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मेलेल्या बापाचे खांदे धरून गदागदा हलवावेत, असं वाटलं मला. खोटं कशाला सांगू.

बाहेर पंख्यांचा आवाज उतरायला लागला. कार्ड निवत होतं.

माझ्या डोक्यात एकच आलं. हा पोरगा आत येईल, ही पट्टी बघेल, आणि जन्मभर स्वतःला फाडून खाईल. "पेटीचा आवाज मी बंद केला, बटण मी दाबलं, आत जाऊन मी बघितलं नाही." हेच घोकत बसेल. बाप गेला होता. हा तरी राहायला हवा होता.

मी पट्टी दातानं तोडली. नळी मशीनची काढून सिलेंडरला लावली आणि चावी पूर्ण उघडली. खिडकी ढकलली. हवा फुसफुसत सुटली, काटा सरकायला लागला, माझ्या मते फारच हळू. बाबा जिवंतपणी ज्याचा एक श्वास घेईनात, ते मी त्यांच्या देखत उधळत होते.

खटपट्या दारात आला. बाबांकडे बघितलं आणि तिथेच भिंतीला धरून खाली बसला.

"ताई... लावली होती ना गं?"

"हो."

तो गुडघ्यांवर सरकत आला. नळी चाचपत टोकापर्यंत गेला. काट्यावर बोट ठेवलं. कार्ड तपासतो तसंच बघितलं त्यानं, कसून.

"म्हणजे हवा होती त्यांना. तरी गेले?"

"छातीच राहिली नव्हती रे. आज नाही तर उद्या."

मग तो हंबरडा फोडून रडला. मी त्याला जवळ घेतलं, एका हातानं. दुसऱ्या मुठीत ती पट्टी होती.

रडता रडता माझ्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाला, "बरं झालं ताई, तू तो नियम केलास. नाहीतर मी मेलो असतो गं. बाबा ऐकायचे तुझं."

"हो," मी म्हणाले. "ऐकायचे."