एका सहीसाठी अडलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना ऑडिओ फॉरमॅट आहे. आवाज थोड्या जागेत साठवायचा आणि मागाल तेव्हा परत द्यायचा, हे माझं काम. अकरा जणांनी आपापल्या नोकऱ्या सांभाळून मला घडवलं आणि जगाला मोफत देऊन टाकलं. त्यांतले एक शाळेत गणित शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. आवाजातली खरखर काढणारा माझा भाग त्यांनीच लिहिला.

हौशी मंडळींनी माझं कौतुक केलं, पण कंपन्यांनी मला उंबरठ्याबाहेरच ठेवलं. "याचा धनी कोण?" हाच प्रश्न जिथे तिथे!

मग एका कंपनीत माझी गरज पडली. दृष्टिहीन मुलांना पाठ्यपुस्तकं ऐकवणारं ॲप ती शाळांना विकत असे. ज्या फॉरमॅटमध्ये ती पुस्तकं होती, त्याच्या मालकाने परवाना बंद केला. महिनाअखेरीस सगळी पुस्तकं मुकी होणार होती आणि परीक्षा तोंडावर आली होती. तिथल्या इंजिनिअर ताईंनी माझं नाव सुचवलं.

"फुकट ते पौष्टिक, हे घरी ठीक आहे," कंपनीच्या वकीलबाई म्हणाल्या. "उद्या कोणी पेटंट घेऊन दारात उभा राहिला, तर आपण कोणाच्या तोंडाकडे बघायचं?"

त्यांनी माझी ओळन् ओळ तपासली. बाकी दहा जणांनी आपल्या भागावर 'कोणीही वापरा' अशी परवानगीची ओळ लिहिली होती, मास्तरांच्या भागावर ती नव्हतीच! मास्तर तर दोन वर्षांपूर्वी वारले होते. तो भाग काढला, तर आवाज खरखरून शब्द कळेनात. आता वारस म्हणून त्यांच्या पत्नीची, म्हणजे काकूंची, सही हवी होती. माझा जीव टांगणीला लागला.

मी ज्यात होतो तो लॅपटॉप घेऊन ताई त्यांच्याकडे गेल्या, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"मोफतच दिलं होतं ना त्यांनी? मग सही कशाला?" काकूंनी कागद हातातही घेतला नाही. "एकदा न वाचता सही केली, तर राहतं घर गेलं आमचं."

दुधाने तोंड पोळलेलं माणूस! त्यांना काय दोष द्यायचा?

ताईंना घाई होती, तरी त्या म्हणाल्या, "काकू, कागद ठेवून घ्या. तुमच्या ओळखीच्या वकिलाला दाखवा. नाही म्हणालात तरी चालेल."

चालणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पाच दिवस फोन आला नाही. पुस्तकं बंद होणार, हे शाळांना कळवायचं पत्र व्यवस्थापकांनी लिहूनही ठेवलं.

सहाव्या दिवशी काकू स्वतः ऑफिसात आल्या. "पाच रात्री झोप नाही मला. वकील ठीक आहे म्हणाले, पण यात यांचं नाव कुठेय?" त्यांनी विचारलं. वकीलबाईंनी पेन काढलं आणि समासात मास्तरांचं पूर्ण नाव लिहिलं. काकूंनी ते दोनदा वाचलं, मग सही केली.

"सध्या हा फॉरमॅट एकच वर्ष वापरायचा," वकीलबाईंनी ताईंना बजावलं. "पेटंटची धास्ती गेलेली नाही."

पुस्तकं वेळेत बोलू लागली. पण ऑफिसात टपाल आलं की त्यात पेटंटची नोटीस तर नाही ना, असं अजून माझ्या मनात येतं.

मित्रांनो, कोणाला काही मोफत द्याल तर मोकळ्या मनाने द्या. पण दिल्याचं लिहून ठेवा. मास्तरांना ती ओळ लिहायला दोन मिनिटं लागली असती. ती राहिली, म्हणून काकू पाच रात्री जाग्या होत्या.