घाटगाडीचा शेवटचा डबा

मित्रांनो, खानापूरच्या रानातून घाट चढणाऱ्या छोट्या गाडीचा शेवटचा डबा, तो मी. माझ्या दोन रुळांमधलं अंतर एका ढांगेत मावतं. अंग सागवानाचं, चाकं लोखंडाची. पूर्वी माझ्यातून रानातली माणसं, भाताची पोती, कधी कोंबड्याही बाजाराला जायच्या.

माझ्या मागच्या टोकाला यल्लाप्पा उभा असायचा. हाताने चाक फिरवून ब्रेक लावणं हे त्याचं काम. ब्रेकचे ठोकळे झिजले होते. त्याने वरच्या साहेबांना कितीदा तरी सांगितलं. "पावसाळा जाऊ दे, मग बघू," एवढंच उत्तर यायचं.

एका दुपारी चढावर मला गाडीशी जोडणारी कडी तुटली आणि मी मागे घसरू लागलो. आत बायका होत्या, पोरं होती. यल्लाप्पाने उडी मारली असती तर तो वाचला असता. तो ब्रेकच्या चाकाला लोंबकळत राहिला. वळणावर मी कड्याला घासून थांबलो. आतले सगळे जगले. माझ्या आणि खडकाच्या मध्ये तो होता.

तो दारू प्याला होता, असं वरच्यांनी लिहून टाकलं आणि मोकळे झाले.

पुढे गाडी बंद पडली. कित्येक वर्षं मी शेडमध्ये गंजत होतो. मग मला लाल रंग मिळाला, गाद्या मिळाल्या. आता रविवारी निपाणी, बेळगावचे प्रवासी हौसेने येतात.

गेल्या हिवाळ्यात तानुबाई आली. यल्लाप्पाची बायको. सोबत लेक सुविधा, बेळगावात डॉक्टर आहे. बाप गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. ती जागा तिला एकदा पाहायची होती.

वळण आलं आणि माहिती सांगणाऱ्या ज्योतिबाने माईक उचलला. "मंडळी, हितं एक ब्रेकवाला दारू पिऊन झोपला आन् डबा सुटला! अजून बाटली वाजत्या म्हणं!"

सगळे खदखदून हसले.

तानुबाई बाक धरून उठली. "कोण प्यालं हुतं रं?"

"गंमत हाय आजी. बसा, गाडी हालत्या."

"माझा मालक हुता त्यो. दारूला कधी शिवला न्हाय. लोकांस्नी वाचवताना गेला."

एकाने मोबाईल तिच्याकडे वळवला. सुविधाने त्यावर हात ठेवला. "बंद करा ते." मग ती ज्योतिबाकडे वळली. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वरनं पाठ करायला दिलंय ताई. मला काय बी ठावं न्हाय."

वरच्या स्टेशनातल्या फलकावर साहेबांची नावं होती, इंजिनांचीही होती. सुविधाने फलक दोनदा वाचला. बापाचं नाव नव्हतं.

पुढच्या रविवारी ज्योतिबाने त्या वळणावर खरं ते सांगितलं. कुणी हसलं नाही. प्रवाशांचा विरस होतो म्हणून त्याला कामावरून काढलं. आता नवा माणूस आहे. बाटलीची गोष्ट पुन्हा सुरू झाली आहे, आणि लोक हसतात.

मित्रांनो, मला दरवर्षी नवा रंग लावतात. ठोकळेही वेळेवर बदलतात. यल्लाप्पाच्या नावाची मात्र कुणी निगा राखत नाही. मी कितीही ओरडलो तरी तुम्हाला नुसता खडखडाट ऐकू येतो. तुम्ही कधी आलात आणि त्या वळणावर लोक हसू लागले, तर तानुबाईसारखे उभे राहा.