आमचे डास चावत नाहीत

मी डास पाळते. तरुणपणी एवढं एक वाक्य बोललं, की मला बघायला आलेला माणूस चहा अर्धा टाकून उठायचा. माझं लग्न डासांनी मोडलं असं वहिनी म्हणते, आणि मीही ते खोडून काढत नाही. उठून गेलेल्यांपैकी एकाचंही तोंड मला आज आठवत नाही.

आमच्या केंद्रात डासांची पैदास होते ती डास कमी करण्यासाठी. ऐकणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो, म्हणून सांगते. चावते ती फक्त मादी. आम्ही नर वाढवतो, त्यांना निर्बीज करतो आणि वस्तीत सोडतो. त्यांच्याशी जुळलेल्या मादीची अंडी फुटत नाहीत, आणि काही पिढ्यांत वस्तीतले डास आटत जातात. आमच्या क्वार्टर्समध्ये हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. तरी कुणालाही डास चावला, की तो मारायचा, तळहातावर घेऊन माझ्या नाकासमोर धरायचा आणि म्हणायचं, "घ्या, तुमचा सापडला." मग मी म्हणायचं, "आमचे डास चावत नाहीत." ड्रायव्हरकाकांपासून माझ्या दादापर्यंत सगळ्यांनी हा विनोद पार झिजवला. सगळ्यात जास्त वहिनीने.

गेल्या वर्षी वहिनीला डेंग्यू झाला. हाडं फुटतायत असं ओरडायची ती, आणि वहिनी ही काही ओरडणारी बाई नाही. ती बरी झाली तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हा दुसऱ्यांदा झाला तर पहिल्यापेक्षा वाईट होऊ शकतो. जपा." जपा म्हणजे काय करा? मी केंद्रात सगळ्यांच्या मागे लागून एक गोष्ट मंजूर करून घेतली: या वर्षीचे पहिले नर आमच्याच क्वार्टर्सच्या आवारात सोडायचे, तापाचे दिवस सुरू व्हायच्या आत. मला बाकी काही नको होतं.

आता अळ्यांबद्दल. डासाची अळी पाण्यात वाढते हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. ती नुसत्या पाण्यात वाढत नाही, हे मोठमोठ्यांना माहीत नसतं. पाण्यात जिवाणू लागतात. आम्ही टाकलेलं खाद्य ते कुजवतात, आणि अळी ते जिवाणू खाते. जिवाणू पोटात गेले नाहीत तर ती पहिली कातसुद्धा टाकत नाही, ठिपक्यासारखी लोंबकळत राहते आणि मरते. आणि कसलेही जिवाणू चालत नाहीत. फार झाले तर पाण्यावर साय धरते आणि अळ्या गुदमरतात. म्हणून आमच्याकडे जुन्या बाईंपासूनची पद्धत होती. बाई म्हणजे हे केंद्र उभं करणाऱ्या आमच्या पहिल्या प्रमुख. चांगल्या वाढलेल्या ट्रेमधलं थोडं पाणी गाळून ठेवायचं आणि नव्या ट्रेमध्ये घालायचं. आम्ही त्याला विरजण म्हणायचो. ट्रेच्या कडांना जो बुळबुळीत थर धरतो, तोही घासून काढायचा नाही. बाई निवृत्त झाल्या, विरजण चालू राहिलं.

मग नवे प्रमुख म्हणून साहेब आले. साहेबांनी आयुष्यभर औषधांच्या कारखान्यात बाटल्या भरण्याचा विभाग सांभाळला होता. तिथे एक जिवाणू सापडला तर अख्खा माल फेकून देतात. तिथे ते बरोबरच आहे. पण हा माणूस आमच्या खोलीत पहिल्यांदा आला, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "मॅडम, ही प्रयोगशाळा आहे की गटार?"

मी हसले. मला वाटलं, गंमत करतायत.

त्यानंतर मला एका प्रशिक्षणासाठी आठवडाभर दुसऱ्या शहरात जावं लागलं. परत आले तर खोली ओळखू येईना. पांढरे शुभ्र नवे ट्रे. पाणी शुद्ध करायचं यंत्र भिंतीवर गुरगुरतंय. खाद्याच्या निर्जंतुक केलेल्या सीलबंद पुड्या. अंडी चिकटलेल्या कागदाच्या पट्ट्यासुद्धा ब्लीचमधून काढलेल्या. पाणी रोज बदलायचं असा हुकूम. विरजणाचा कॅन जिथे असायचा तिथे हात धुवायच्या साबणाची बाटली ठेवली होती.

"कॅन कुठे आहे?" मी विचारलं.

"कुठला? तो वास मारणारा?" साहेब म्हणाले. "ओतला बेसिनमध्ये. वर फिनेलही टाकलं. काळजी करू नका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, आत्ता वर सांगितलं ते, जसंच्या तसं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. शांतपणे ऐकणाऱ्या माणसाचा मला तेव्हापासून तिटकारा आहे.

"मॅडम, घाणीत डास होतात हे मलाही माहीत आहे," ते म्हणाले. "पण आपण घाण पाळायची नाही, डास पाळायचे. खाद्य आपण देतोय ना? मग जिवाणू कशाला? उद्या पाहुणे आले तर काय दाखवू, शेवाळ?"

"डास दाखवा ना! शेवाळाशिवाय डास नसतील तर काय दाखवणार?"

"बघू," ते म्हणाले. म्हणजे बघणार नव्हते.

पहिली खेप गेली. अंडी फुटली, अळ्या बाहेर आल्या आणि तिथेच थांबल्या. साहेब म्हणाले, तापमान चुकलं असेल. दुसरी खेप गेली. साहेब म्हणाले, अंडी जुनी असतील. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्या मदतनीस मुलींना आणखी जाड हातमोजे दिले. मी बागेतल्या हौदाचं पाणी चोरून एका ट्रेमध्ये घालून पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी त्यावर ही जाड साय, आणि खाली सगळ्या मेलेल्या. साहेबांनी तो ट्रे स्वतःच्या हातांनी उचलून सगळ्यांना दाखवला. "बघा, घाणीने काय होतं." त्यांच्या हातात मेलेल्या अळ्या होत्या आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

दिवस सरत होते. क्वार्टर्समध्ये सोडायला एक नर नव्हता. मी घरी येऊन आदळआपट करायचे, भांडी घासताना एकेका पातेल्याला साहेब समजून घासायचे. दादा पेपरमागे लपायचा.

अशाच एका संध्याकाळी वहिनी दोरीवरचे वाळलेले कपडे घेऊन आत आली आणि पोटऱ्या खाजवत म्हणाली, "पंपाच्या मागे तुमचे डास फार झालेत हं. उभं राहू देत नाहीत."

"आमचे चावत नाहीत," मी सवयीने म्हटलं.

"मग ते ट्रे तिथे कशाला ठेवलेत? मला वाटलं, तुमचंच काही चाललंय, म्हणून मी हातसुद्धा लावला नाही."

"कुठले ट्रे?"

पंपाची खोली आवाराच्या टोकाला, कपड्यांच्या दोरीच्या पलीकडे. मी चपलाही न घालता गेले. भिंतीलगत आमचे जुने ट्रे पडले होते, सगळेच्या सगळे. साहेबांनी नवे ट्रे ब्लीचने तीनतीनदा धुतले आणि जुने, ज्यांच्या कडांना तो बुळबुळीत थर होता, ते न धुताच भंगारवाल्यासाठी इथे आणून टाकले. भंगारवाला आलाच नाही. वरच्या टाकीच्या पाइपातून पाणी ठिबकत होतं. ट्रे भरले होते, आणि त्यात अळ्या होत्या. काय अळ्या! टपोऱ्या, चपळ, एकसारख्या. काहींचे कोष झालेले, काही कोष फुटून रिकामे. इतकी सुंदर खेप मी बाईंच्या काळातही काढली नव्हती. रानटी माद्या त्या पाण्याच्या वासावर बरोबर आल्या होत्या. अंडी घालताना मादी जागा हुंगून निवडते, पाण्यातल्या जिवाणूंचा वास तिला सांगतो की इथे पोरं जगतील. आम्ही वर्षानुवर्षं जपलेला वास साहेबांनी नेमका आमच्या बायकापोरांच्या दारात नेऊन ठेवला होता. आत निर्मळ पाण्यात आमचे न चावणारे मरत होते, आणि बाहेर चावणारे बाळसं धरत होते.

मी तिथेच चिखलात बसून साहेबांना ज्या शिव्या दिल्या, त्या मला येतात हे मलाच माहीत नव्हतं. ऐकून ड्रायव्हरकाका धावत आले. काका नुकतेच तापातून उठले होते. साधा ताप, असं सगळे म्हणत होते. त्यांचा तो उतरलेला चेहरा बघून मी शिव्या थांबवल्या. तो डेंग्यूच असला तर? कारण डास ताप आणतो तो कुणाकडून तरी घेऊन.

आम्ही दोघांनी सगळे ट्रे उपडे केले, तापलेल्या फरशीवर. एक मात्र मी ठेवला. त्यातलं पाणी वहिनीच्या जुन्या सुती साडीतून गाळलं, एकही अळी राहू दिली नाही, आणि ते पाणी नि कडांचा थर डब्यात भरून झाकण लावलं, आणि डबा केंद्रात माझ्या टेबलावर नेऊन ठेवला. विरजण मिळालं होतं.

दोन रात्रींनंतर वहिनीला ताप भरला.

तिला दवाखान्यात ठेवून, दादाला तिच्याजवळ बसवून मी सकाळी केंद्रात आले, तर साहेब माझ्या टेबलाशी उभे. एका हातात माझा डबा, दुसऱ्या हातात ब्लीचची बाटली.

"मॅडम, पंपामागच्या त्या प्रकाराचं कळलं. वाईट झालं. आता कुठेही घाण राहू देणार नाही मी. हा पण नष्ट करतो."

"डबा खाली ठेवा."

"मॅडम..."

"खाली ठेवा म्हणते ना! माझी वहिनी तिकडे पडली आहे. तिच्या अंगावर लाल ठिपके उठलेत. तुमच्या स्वच्छतेचे आहेत ते! आता हा डबा ओतलात तर बाटलीतलं उरलेलं ब्लीच मी तुमच्या डोक्यावर ओतेन, आणि मग खुशाल काढून टाका मला नोकरीवरून."

साहेबांनी डबा ठेवला. मी त्यांच्याच टेबलावर, त्यांच्या फायली बाजूला सारून, दोन पांढरे ट्रे मांडले. तेच पाणी, तेच खाद्य, त्याच पट्टीवरची अंडी. एकात डब्यातलं वाटीभर विरजण घातलं, दुसऱ्यात नाही. "इथेच राहतील," मी म्हटलं. "वास सहन करा."

ते दिवस मी दवाखाना ते केंद्र अशा चकरा मारल्या. वहिनीच्या रक्तातल्या प्लेटलेट खाली खाली जात होत्या. हिरड्यांतून रक्त येत होतं. इकडे साहेबांच्या टेबलावर एका ट्रेमध्ये अळ्यांनी एकामागून एक काती टाकल्या, फुगल्या, कोष धरले. शेजारच्या ट्रेमध्ये ठिपके होते, आणि ठिपकेच राहिले.

साहेबांनी भिंग घेतलं. या ट्रेवरून त्या ट्रेवर, पुन्हा या ट्रेवर. बराच वेळ वाकून पाहिलं. मग ताठ उभे राहिले, रुमालाने हात पुसले आणि मला म्हणाले, "मॅडम, हे इतकं महत्त्वाचं होतं, तर तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

मी मुलींना म्हटलं, "सगळ्या ट्रेमध्ये विरजण घाला. आजच." आणि दवाखान्यात निघून गेले.

वॉर्डाच्या दाराशी दादा भेटला. तो रडत होता, पण हसतही होता. प्लेटलेट वर यायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, धोका टळला. मी आत गेले. वहिनी उशीत बुडालेली, ओठ फुटलेले, हातावर सुयांचे काळेनिळे डाग. इतकीशी झाली होती. मला बघून तिने बोटं हलवली. मी खुर्ची ओढून जवळ बसले.

"आले का गं तुझे नर?" तिने विचारलं. आवाज अगदी खोल गेलेला.

"येतील. आता येतील. पहिले आपल्याच आवारात."

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात ते जुनं मिश्कील हसू आलं, ज्याने तिने मला इतकी वर्षं छळलंय.

"ए," ती म्हणाली, "मला चावला तो... आता तरी खरं सांग. तुमचाच होता ना?"

ती वाट बघत होती. मी नेहमीचं उत्तर देईन आणि आम्ही दोघी हसू म्हणून.

"हो वहिनी," मी म्हटलं. "आमचाच होता."