भावजींच्या पानातलं कडू

आमच्या अक्काला नवऱ्याच्या पानावर जेवायची सवय. सवय कसली, हट्टच. वरुणराव, म्हणजे माझे भावजी, जेवून उठले की त्याच केळीच्या पानावर ही बसणार. त्यांचं उरलंसुरलं आधी संपवणार, मग स्वतःला वाढून घेणार. आमची आई तसंच करायची, तिची आईही. आता तंजावरात किती घरांत ही पद्धत उरलीय देव जाणे. अक्काची लेक साईप्रिया चेन्नईत नोकरीला आहे, ती तर फोनवरच भडकायची.

"अम्मा, मागे अख्खी केळीची बाग आहे. दुसरं पान कापायला काय होतं?"

"पान आहे ग," अक्का म्हणायची, "पण सवय नाही."

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं अस्कं, सगळंच, त्या पानावरच घडलं.

भावजी तालुका कचेरीतून निवृत्त झाले आणि घरी बसून फुगले. शर्टाची खालची बटणं लावायचंच सोडून दिलं त्यांनी. एका मुंजीत पंगतीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून तपासायला नेलं. डॉक्टरीण तरुण पोर, पण जिभेला धार. कागद बघून म्हणाली, "राव, पोटाचा घेर, बीपी, साखर आणि रक्तातली चरबी. चार भाडेकरू एकाच घरात राहायला आलेत. एकाला काढून भागत नाही, चौघांनाही हलवायला लागतं. याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात."

"भाडं तरी देतात का?" भावजी म्हणाले.

डॉक्टरीण हसली नाही. "गोळ्या लिहून देते. त्या चुकवायच्या नाहीत. रोज चालायचं. आणि बाकीचं औषध स्वयंपाकघरात आहे." असं म्हणून तिने अक्काकडे बघितलं.

झालं. अक्काने ते पदराला गाठ मारून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी मला गाडी काढायला लावली. माझा नारळाचा धंदा, छोटी मालगाडी आहे. तिच्यात बसून अक्का देशी औषधांच्या दुकानात गेली आणि पिशव्या भरभरून आली. मेथी, जांभळाच्या बियांची पूड, आवारमच्या वाळलेल्या पिवळ्या फुलांचा चहा, आणखी कसल्या मुळ्या. साईप्रियाने चेन्नईहून जवसाची पूड आणि दालचिनीच्या गोळ्या धाडल्या. घरातला तांदूळ डब्यात गेला आणि वरगु बाहेर आला, बारीक भरड धान्य ते. साखर गेली, मीठ गेलं. रोज शेवग्याचा पाला, रोज कारलं. जेवणाआधी टंबलरभर कषायम, म्हणजे त्या मुळ्यांचा काढा.

आता आमच्या अक्काचं सांबार म्हणजे शेजारच्या गल्लीतले लोक वास घेत थांबायचे. ते बिनमिठाचं सांबार मी एकदा चाखलं. कालव्याचं पाणी हळद घालून उकळल्यासारखं.

"कसं झालंय?" अक्काने विचारलं.

"औषध आहे ना," मी म्हणालो, "मग चांगलंच असणार."

भावजींनी सुरुवातीला खाल्लं हो सगळं. नाही असं नाही. पण आठवडाभराने त्यांचा हात पानावर नुसताच फिरायला लागला. कारल्याच्या फोडी वरगुखाली ढकलायच्या. मेथीच्या पुडीचा गोळा पानाच्या कडेला सारायचा. कषायम अर्धं प्यायचं, नाक दाबून. मग अक्काला "पोट भरलं चंद्रा" म्हणून उठायचं आणि ओसरीवर जाऊन पेपर उघडायचा. मागे पानावर कोण बसतं, काय खातं, हे त्यांनी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. बघायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

अक्का मला आनंदाने सांगायची, "भूक कमी झालीय त्यांची. औषध लागू पडतंय."

भूक कुठे जात होती ते मला ठाऊक होतं. मीच नेत होतो ना गाडीतून. सकाळी मी पापनाशमकडच्या गावांत नारळ घ्यायला जायचो, तेव्हा भावजी पांढरे बूट घालून शेजारी बसायचे. घरी सांगितलेलं असं, की अप्पाजी, म्हणजे मी, नारळ मोजतो तोवर ते कालव्याच्या काठाने चालतात. चालायचे, खोटं नाही. मुरलीकृष्णच्या टपरीपर्यंत चालायचे.

"या राव! अशोका आत्ताच उतरवलाय." मुरलीकृष्ण लांबूनच ओरडायचा. अशोका म्हणजे मूगडाळीचा हलवा, बोट लावलं की तूप सुटतं.

"नक्को रे बाबा. डॉक्टरने बंदी घातलीय."

"मग नुसतं बोटभर चाखा."

"बोटभर चालेल," भावजी म्हणायचे. आता त्यांचं बोट म्हणजे मुसळ. त्यावर दोन मेदुवडे, त्यावर साखर घातलेली कॉफी. खाताना मात्र नजर रस्त्यावर. जणू बसमधून अक्काच उतरणार आहे. हात पुसायचे, बडीशेप चघळायचे, गाडीत बसायचे. घराच्या वळणावर आलो की म्हणायचे, "अप्पाजी, उद्यापासून नाही हं."

"हौ," मी म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चाक माझ्या हातात होतं, टपरीपुढे मीच थांबवायचो. मलाही वाटायचं, म्हातारपणी एवढं एक सुख, मी कोण हिसकावून घेणारा? आणि खरं सांगू, मलाही तिथला वडा आवडायचा.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. साखर होती तिथेच. चरबी वाढलेली. डॉक्टरीण म्हणाली, "गोळ्या घेताय ना? मग जेवणात काहीतरी चुकतंय."

अक्का खुर्चीच्या कडेला बसली होती. "माझंच चुकत असणार," ती म्हणाली. "मापाने घालते मी, पण हात कमी पडत असेल."

भावजींचे कान लाल झाले. तोंड उघडलं त्यांनी, मी बघितलं. मग खोकले आणि मिटलं.

घरी आल्यावर अक्काने हात वाढवला. मेथी जास्त, कारलं जास्त, कषायम आणखी आटवून काळंकुट्ट. ताकातली उरलीसुरली मिठाची चिमूटही गेली. भावजी मान खाली घालून जेवायला बसायचे आणि पूर्वीपेक्षा जास्त टाकून उठायचे. वाटायचं, त्या बाईकडे बघायचीच भीती बसलीय माणसाला.

आणि अक्का वाळत चालली. आधी मला कळलंच नाही, रोज बघणाऱ्याला कळत नाही. एक दिवस ती गाडीवरून नारळ घ्यायला हात वर करते तर बांगड्या सरळ कोपरापर्यंत घसरल्या.

"काय ग, जेवतेस का नाही?"

"जेवते की. यांच्या पाठोपाठ रोज बसते."

"मग?"

"वय झालं रे अप्पाजी. तू काय मोठा तरुण राहिलायस?"

मी हसलो आणि निघून गेलो. तेव्हा थांबायला पाहिजे होतं.

एका सकाळी गाडी घेऊन दारात आलो. भावजी ओसरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. अक्का दारात कोलम, तांदळाच्या पिठाची रांगोळी, घालत होती. अर्धं झालं होतं. ती उठायला गेली आणि उठता उठता तशीच बसली, मग आडवीच झाली. पिठाची वाटी उलटली. पांढरं पीठ तिच्या केसांत, पदरावर, गालावर.

"चंद्रा!" भावजी एका बुटाची नाडी सुटलेली तसेच धावले. वाकता येईना त्यांना, पोट आड येत होतं. गुडघे टेकून बसले आणि तिच्या गालावरचं पीठ पुसायला लागले.

तिला मी पुढे बसवलं, शेजारची कामाक्षी तिला धरून बसली. जागा उरली नाही. भावजी मागे कालच्या उरलेल्या नारळांत चढले. आरशात दिसत होते मला. प्रत्येक खड्ड्याला नारळ त्यांच्या पायांवर आपटत होते आणि ते पाय काढून घेत नव्हते.

तीच डॉक्टरीण. सलाईन लावलं, रक्त काढलं. थोड्या वेळाने कागद घेऊन आली आणि खाट धरून उभी राहिली.

"चंद्रमती अम्मा, अंगातलं मीठ पार उतरलंय तुमच्या. साखरही खाली. तुम्ही जेवता काय?"

"हे जेवतात तेच," अक्का म्हणाली. आवाज कापसासारखा.

"ते त्यांच्यासाठी सांगितलं होतं. तुम्ही का खाताय?"

"पानात उरतं ना यांच्या. अन्न टाकायचं कसं? तेवढ्याने माझं पोट भरतं. मग वेगळं वाढून घ्यावंसं वाटत नाही."

"किती उरतं?"

डॉक्टरीण भावजींकडे वळली. "राव, किती उरतं?"

भावजी आपल्या बुटांकडे बघत होते. "बरंचसं."

"कारलं? मेथीची पूड?"

"तेच उरतं."

"आणि काढा?"

"अर्धा."

"अर्ध्याहून जास्त," मी म्हणालो. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं मी, आणि उघडलं तेही उशिरा.

डॉक्टरीण ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू म्हणाली, "म्हणजे यांचं पथ्य अम्मांनी केलं. आणि अम्मांचं जेवण कुणीच जेवलं नाही." मग जाता जाता थांबली. "या पुडी वाईट नाहीत. पण ज्याला रोग त्याच्यासाठी, आणि मला विचारून. घरभर वाटायचा प्रसाद नाही तो."

ती गेल्यावर मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. बाहेर जावं असं वाटत होतं, पाय निघेना.

भावजी खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. म्हणाले, "चंद्रा, मी पापनाशमला..."

"अशोका," अक्का म्हणाली.

भावजींचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडे बघितलं.

"शर्ट मी धुते तुमचे. खिशाला तुपाचे डाग. कारल्याला तूप सुटतं का?"

"मग बोलली का नाहीस? भांडायचंस!"

"काय भांडू? चोरून खात होता म्हणजे तुम्हाला लाज वाटत होतीच. त्यावर मी आणखी काय लाजवणार?"

"आणि ते कडू... ते तू का खाल्लंस सगळं?"

अक्काने सलाईनचा हात नीट ठेवला. जरा हसली, वेड्यासारखी. "मी उपास केला तर तो तुम्हाला लागतो म्हणतात ना? मग वाटलं, तुमच्या पानावर बसून तुमचं कषायम मी प्यायले तर थोडं तरी तुम्हाला लागेल. तुम्ही पीत नव्हता. कुणीतरी प्यायलाच पाहिजे होतं."

भावजी उठले आणि बाहेर गेले. मी मागोमाग गेलो. भिंतीकडे तोंड करून उभे होते, एवढा मोठा माणूस, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

"अप्पाजी, लाथ घाल मला."

"माझा पाय दुखतो," मी म्हणालो. "आणि घालायची तर दोघांना घालायला पाहिजे. मला कोण घालणार?"

हसले नाहीत ते. मीही नाही.

अक्का घरी आली त्या दुपारी मी तिथेच होतो. स्वयंपाक भावजींनी केला होता, फोनवर साईप्रियाला विचारत विचारत. ती तिकडून तमिळमध्ये ओरडत होती, "अप्पा, आधी गॅस कमी करा!" भात गाळ झाला होता. सांबार मात्र लाल होतं आणि त्यात मीठ होतं, भरपूर.

भावजींनी एकच पान मांडलं. "बस."

"तुम्ही आधी," अक्का म्हणाली.

"नाही. तू."

"मला घास उतरणार नाही तुम्ही उपाशी असताना."

"मग मी बघत नाही." आणि खरंच भिंतीकडे तोंड करून बसले. पाठीमागे हात गुंफून. अक्काने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "जेव बाई, नाहीतर हा माणूस संध्याकाळपर्यंत असाच बसेल."

ती जेवली. हळूहळू, चोरट्यासारखी, मध्ये मध्ये त्यांच्या पाठीकडे बघत. भात संपवला. कोपऱ्यातलं मीठही बोटाने उचलून खाल्लं. उठली आणि पान दुमडायला वाकली, तर भावजींनी येऊन तिचा हात धरला.

"राहू दे." आणि तिच्या जागी बसले.

"अहो, उष्टं आहे ते!"

"ठाऊक आहे."

"दुसरं पान आणते, मागे एवढी..."

"पान आहे," भावजी म्हणाले, "सवय लावायचीय."

मग स्वतःच्या हाताने वाढून घेतलं. वरगु, शेवग्याचा पाला, बिनमिठाचं वेगळं काढलेलं सांबार आणि कारलं, कढईतलं सगळं. कारलं जळलं होतं एका बाजूला. आधी कषायम घेतलं, टंबलर उलटा करून दाखवला, पण अक्काकडे न बघताच. खाताना डोळ्यांतून पाणी येत होतं. कडूमुळे असेल. मी विचारलं नाही. अक्का दाराला टेकून पानाकडे बघत होती, एक फोड उरते का म्हणून. तिचे हात सवयीने पुढे यायचे आणि ती मागे घ्यायची.

काही उरलं नाही. शेवटची फोड भावजींनी बराच वेळ चावली. मग पान दुमडलं, आपल्या हाताने, आणि उचलून मागे टाकायला घेऊन गेले.

"सांबारात मीठ जास्त झालंय," अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, आणि पदराने तोंड झाकलं.