अर्धी बादली

फळी खिळ्यावर नव्हती. वैष्णवीने ती काढली होती, गंगारामकडे मोठ्याने पूर्ण बादली मागितली होती, गॅलरीच्या टोकापर्यंत ताठ मानेने जाऊन आली होती, आणि त्यामुळे पतपेढीतलं कुणीही दगावलं नव्हतं… छे. असलं काही झालेलं नाही. फळी आहे तिथेच आहे — शाखाधिकारी मोहितेसाहेबांच्या डोक्यामागे, देवाच्या तसबिरीखालच्या खिळ्याला. खोक्याची जुनी फळी, वीतभर रुंद, हातभर लांब, तिच्यावर लाल ऑइलपेंटने ‘संडास’, आणि भोकातून ओवलेल्या सुतळीला ती एवढीशी किल्ली. पंख्याच्या वाऱ्याने फळी डावीउजवीकडे होत होती, कुणीतरी सावकाश ‘नाही, नाही’ म्हणावं तशी, आणि वैष्णवी टाइपरायटरवर बोटं ठेवून तिच्याकडे बघत होती. बघायचं नाही असं ठरवून बघत होती.

पहिली किल्ली कुणाच्या तरी खिशातून साताऱ्याला गेली आणि गावची जत्रा करून परत आली, तेव्हा मोहितेसाहेबांनी ही फळी बांधून घेतली. “आता न्या म्हणावं खिशातून!” त्यांचं बरोबरच होतं. फळी खिशात जात नाही, पर्समध्ये जात नाही, ओढणीखाली तर नाहीच नाही, आणि फळी घेऊन निघालेला माणूस जगात फक्त एकाच ठिकाणी निघालेला असू शकतो. तरी नुसत्या फळीचं तिने काहीतरी केलं असतं — फायलींमध्ये घालून नेली असती… पण मग मे महिना आला, नेरूळच्या त्या शॉपिंग सेंटरला दिवसाआड पाणी यायला लागलं, गॅलरीतला ड्रम शेजारचे शिकवणीवाले उपसतात असा मोहितेसाहेबांना संशय आला, आणि ड्रम आत आला. आत म्हणजे काउंटरशेजारी, ठेवीदारांच्या बाकासमोर. ड्रमपाशी स्टूल, स्टुलावर शिपाई गंगाराम, आणि गंगारामच्या तोंडी नियम: लहान कामाला अर्धी बादली, मोठ्या कामाला पूर्ण.

गंगाराम पाटणकडचा, सरळ मनाचा माणूस. त्याच्या विचारण्यात तिळभरही वावगं नसायचं, हीच तर अडचण. वावगं असतं तर रागावता आलं असतं. कंडक्टर ‘सुटे द्या’ म्हणतो त्या आवाजात तो विचारायचा, “अर्धी का पूर्ण?” — आणि बाकावरचे ठेवीदार, ज्यांना एरवी तिसऱ्या हाकेशिवाय स्वतःचं नाव ऐकू येत नाही, ते सगळे माना वर करायचे.

एकदाच ती उठली होती. ड्रमपर्यंत गेली होती. “मॅडम, अर्धी का पूर्ण?” आणि तिने विचार केला, एवढा विचार तिने बारावीनंतर काय करायचं यावरही केला नव्हता — अर्धी म्हणावं तर सगळ्यांना कळणार, पूर्ण म्हणावं तर सगळ्यांना भलतंच कळणार, पाऊण म्हणायची सोय नाही… “काही नाही, पंख्याचं बटण बघत होते,” असं म्हणून ती परत येऊन बसली. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा तबरेज — उरणचा, स्वभावाने चांगला, आवाजाने खणखणीत, कमरेला नवा पेजर — तिथूनच ओरडला, “अरे गंगाराम, लेडीजला काय विचारतो यार! डायरेक्ट देऊन टाक ना!” त्याला मदत करायची होती. एक आजोबा ठेवीची पावती बाजूला ठेवून, कोण लेडीज ते बघायला उठले.

तबरेजला काय जातंय. पुरुषांना अर्धी लागतच नाही. त्यांच्या लहान कामाला इमारतीमागचा रिकामा प्लॉट आहे. ‘चहा घेऊन येतो’ म्हणून जातात आणि वर चहाही घेऊन येतात. मोठ्या कामाचं त्यांना काही वाटत नाही — “गंगाराम, फुल!” म्हणायचं, फळी बगलेत मारायची, शीळ घालत सुटायचं. म्हणजे अर्धी बादली ही अख्ख्या ऑफिसात एकाच माणसासाठी होती. नियम सगळ्यांना सारखा. फक्त तो माझ्या नावाने होता.

त्यानंतर तिने सोपा उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही. घरून निघायच्या आधी नाही, ऑफिसात नाही, समोर कुणी लिंबूसरबत धरलं तर “घसा धरलाय” म्हणून नाही. डबा खाताना घास छातीत अडकायचा. तो ती चावून चावून, एखाद्या थकबाकीदाराला समजवावं तशी, खाली पाठवायची. आईला यात काही नवल वाटलं नसतं. आईचं — राजाबाईचं — शास्त्रच तसं: “बाईमाणसानं घरातनं निघताना एकदा जायचं, आल्यावर एकदा. मधी काय नसतंय.” लहानपणी साताऱ्याहून येताना घाटाच्या अलीकडे एसटी थांबायची, पुरुष उतरून रस्त्याकडे पाठ करून ओळीने उभे राहायचे, आणि आई वैष्णवीचं मनगट घट्ट धरून म्हणायची, “आलंच आता.” आलंच म्हणजे पनवेल! खिडकीच्या गजांना कपाळ टेकून, पाय एकमेकांत पिळून, ती झाडं मोजायची, मग झाडं संपली की खांब… आणि मामाच्या दारात पाऊल टाकताटाकता आई सांगायची, “आमच्या वैशूनं वाटंत एकदासुदिक नाव काढलं नाही हो.” मामा खूश होऊन हातावर पेढा ठेवायचा. पेढा हातात घेऊन ती मामाच्या मोरीच्या दाराकडे बघत उभी असायची, आत कुणीतरी असायचं, आणि मामा म्हणायचा, “गुणाची गं पोर. खा की.”

गुणाची. शाळेत, लग्नाकार्यात, सगळीकडे हेच प्रमाणपत्र. मला आजवर जे काही मिळालं ते न गेल्याबद्दल मिळालं.

मग ताप आला. जळजळ अशी की डोळ्यांतून पाणी यायचं — तेवढंच काय ते अंगातून सुखाने बाहेर पडत होतं. सेक्टरातल्या डॉक्टर उझमांनी रिपोर्ट बघून चष्मा वर केला. “नोकरी करतेस का उपास? अगं, रोखून धरतेस कशाला? पाणी पी. भरपूर पी, आणि आलं की ऊठ, जा. किडनी म्हणजे सोसायटीची टाकी नाहीये, भरली की वरून वाहील म्हणायला! परत ताप आला तर ॲडमिट करीन, सांगून ठेवते. किडनीवर गेलं तर मला विचारायला येऊ नकोस.” वैष्णवी ‘हो’ म्हणाली. त्या ‘हो’ला फळी, ड्रम आणि बाकावरचे आजोबा ठाऊक नव्हते.

तर आज सकाळी ती धण्याचं पाणी प्यायली. तांब्याभर. मग आणखी तांब्याभर, औषध म्हणून, डोळे मिटून. आणि आता बाक भरलेलं होतं, गंगाराम स्टुलावर होता, टाइपरायटरवर एका थकबाकीदाराला पत्र चढवलेलं होतं — ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की’ — आणि प्रत्येक ओळ संपली की मशीनची घंटी वाजायची, टिंग, आणि ती टिंग थेट ओटीपोटात जाऊन वाजायची. ऊठ. जा. ती उठली. कपाटापर्यंत गेली, कपाट उघडलं, कपाटातल्या फायलींकडे आस्थेने बघितलं, कपाट बंद केलं. पुन्हा उठली. खिडकीपर्यंत. खालच्या एसटीडी बूथवर कुणीतरी गावाकडे ओरडून सांगत होतं, “इकडं सगळं बरं हाय!” पाय हलवायचा नाही, श्वास मोठा घ्यायचा नाही, हसायचं तर मुळीच नाही… अंगात ताप आहे का? हात कपाळाला लावला तर हातच गरम, काही कळत नव्हतं.

“मॅडम,” मोहितेसाहेब म्हणाले, “आज काउंटर बंद झाल्यावर लगेच जाऊ नका. थोडा कार्यक्रम आहे.”

ती मनात कोसळली. काउंटर बंद झालं की रिक्षा, रिक्षा की घर, एवढंच तिचं आजचं पंचांग होतं.

कार्यक्रम असा होता: टेबलावर टॉवेल अंथरलेला, त्यावर नारळ, शाल, आणि एक स्टीलचा नवाकोरा पाण्याचा जग. थांबलेल्या ठेवीदारांना चहा मिळणार म्हणून ते थांबले होते. मोहितेसाहेबांनी घसा साफ केला. “पाणीटंचाईच्या या काळात,” ते म्हणाले, “आपल्या ड्रमातून कोण किती बादल्या नेतं यावर माझं लक्ष असतं.” तबरेजने पेजरकडे बघितलं. “पण एक व्यक्ती अशी आहे, जिने आजपावेतो या बादलीला हात लावलेला नाही. अर्धी नाही, पूर्ण नाही. एक थेंब नाही! मी घरी मंडळींनाही सांगितलं, याला म्हणतात संस्कार. तुमचं-आमचं जाऊ द्या, हे साताऱ्याकडचं पाणी आहे!” टाळ्या झाल्या. पाण्याचा उल्लेख आणखी बराच झाला. प्रत्येक उल्लेखाला वैष्णवी गुडघे जवळ घेत होती.

शाल आली. मेमध्ये, लोकरीची. नारळ आला. मग जग हातात आला आणि हात खाली गेला — जग काठोकाठ भरलेला होता.

“रिकामं भांडं देऊ नये,” गंगाराम लाजत म्हणाला. “भरला.”

“घ्या, एक घोट घ्या,” मोहितेसाहेब म्हणाले. “आज तुमचा मान आहे.”

तिने एक घोट घेतला. गार होता. तो आत कुठे जागा शोधायला लागला हे तिला स्पष्ट कळलं.

“आता मॅडम दोन शब्द सांगतील. कसं जमवलं, ते आपल्या सर्वांना मार्गदर्शन…”

कसं जमवलं! ती उभी राहिली. डॉक्टर उझमा म्हणाल्या होत्या, ऊठ. आई म्हणत होती, आलंच आता. आणि समोर आजोबा चहाची वाट बघत हसत होते, मामासारखे. आजवर हे सगळं तिच्या पोटात खाली, अगदी खाली दाबलेलं होतं आणि त्याचं नाव लाज असं होतं. आता ते वर सरकलं. छातीतून, गळ्यात. गळ्यात आल्यावर ते लाजेसारखं मुळीच वाटेना… हे कुणी माझ्या नावावर केलं? मी का राखायचं यांचं पाणी, आणि माझ्या किडनीत? तिला ओरडायचं होतं. पण दिवसभर, वर्षभर तिच्या बोटांनी एकच भाषा बडवली होती, आणि तोंड उघडलं तेव्हा तीच बाहेर पडली, मोठ्याने, ठाम, स्वल्पविरामांसकट:

“माननीय शाखाधिकारी यांस, सविनय सादर.”

मोहितेसाहेबांनी समाधानाने मान डोलावली. या भाषेत आभारच मानतात. बाकावरच्यांचे डोळे नेहमीप्रमाणे मिटायला लागले, गंगाराम कप मांडू लागला. फक्त तबरेजने पेजरवरून नजर वर केली आणि ती तशीच ठेवली. वैष्णवीच्या लक्षात आलं की तिचे गुडघे एकमेकांना चिकटलेले नाहीत. आपण पाय फाकवून, जोत्यावर उभं राहावं तशा उभ्या आहोत, आणि आवाज थरथरत नाहीये.

“सबब, सदर कर्मचाऱ्यास शरीर आहे, ही बाब संस्थेने एकमताने मान्य करावी. बादलीचे प्रयोजन तोंडी अथवा लेखी विचारण्यात येऊ नये. तसेच सदर कर्मचारी किल्लीसह गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन स्वतःच्या सवडीने परत येईपर्यंत, सर्व सन्माननीय ठेवीदार, सहकारी व स्वतः माननीय शाखाधिकारी यांनी उभे राहून खिडकीबाहेर, शक्यतो पारसिकच्या डोंगराकडे, पाहत राहावे, आणि त्या अवधीत डोंगराखेरीज अन्य कोणत्याही विषयावर विचार करू नये, ही नम्र विनंती.”