भोक पाडलेली कुपनं

चुडामण पाटलांच्या घरात त्यांच्या बायकोच्या, भिकुबाईच्या नावाचं एकही भांडं नव्हतं. परातीवर आत्याचं नाव, घागरीवर मामांचं, वाट्यांवर लग्नाला आलेल्या अर्ध्या अमळनेरचं. भांडं देणारा स्वतःचंच नाव टाकून देतो, त्याला कोण काय करणार? म्हणून भिकुबाईनं ठरवलं होतं, दलिचंद शेठच्या दुकानातलं मोठं पातेलं कुपनांवर घ्यायचं आणि त्यावर आपलं नाव टाकायचं.

जळगावातल्या मेहरूणमधल्या त्या दुकानात किराण्यावर पिवळं कुपन मिळायचं, तेलावर लाल, साबण-सोड्यावर हिरवं. तिन्ही रंग पुरेसे जमले की झाकणासकट पातेलं. भिकुबाई जमवत राहिली आणि पोळ्याच्या आधी वारली.

दिवाळी झाली. एका सकाळी शेजारची मेघा दारात आली. "आबा, शेठची योजना आज संध्याकाळी बंद होतेय. मावशीची कुपनं कुठे आहेत?"

कुठे आहेत ते चुडामणला ठाऊक नव्हतं. खानावळीचा डबा यायचा, त्यानं घरातले डबे उघडलेच नव्हते. आता एकेक उघडले. डाळीचं कुपन डाळीच्या डब्यात, तेलाचं तेलाच्या किटलीखाली, साबणाचं मोरीच्या फळीवर. हळदीची बरणी उघडली आणि तो तसाच खाली बसला. तिच्या हाताला हाच वास असायचा. मग लवंगांच्या डबीतून एक लाल कुपन निघालं.

"तेलाचं कुपन लवंगांत?" तो मोठ्यानं म्हणाला. "नेहमी माझ्या चुका काढायचीस, आता कोण चुकलं?" आणि कित्येक दिवसांनी एकटाच हसला.

जन्मभर त्यानं जळगाव–धुळे गाडीवर कंडक्टरकी केली होती. माळ्यावरून तिकिटांचा जुना ट्रे काढला. कुपनं रंगानं वेगळी केली, तारखेनं लावली, रबर घातले. हात असा चालला, जणू पारोळ्याचा स्टॉप यायच्या आत गाडी तपासून संपवायची आहे. पावडर लावून, इस्त्रीचा सदरा घालून तो दुकानात गेला.

गल्ल्यावर शेठची सून चेलना होती. तिनं गड्डी उलगडली आणि थांबली. "आबा, ही तर वापरलेली आहेत."

"वापरेल? अवं, डब्यातून आत्ता काढी लयनू!"

"सगळ्यांना भोकं आहेत. पातेलं दिलं की आम्ही कुपनाला भोक पाडतो, परत कोणी आणू नये म्हणून."

चुडामणनं कुपन उजेडात धरलं. भोकातून समोरचं पातेलं दिसलं. मग त्याला आठवलं. ट्रेमध्ये तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा होता. कुपन बघितलं, टक. ठेवलं, टक. तिकीट हातात आलं की भोक, हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं.

"मीच पाडली," तो म्हणाला. रांगेतल्या बाया हसल्या, त्याच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. बाईनं एवढं सांभाळलं आणि आपण एका सकाळीत वाया घालवलं.

आवाज ऐकून दलिचंद शेठ आतून आले. "काय व्हयनं, चुडामण भाऊ?"

चेलनानं सांगितलं. शेठनी वापरलेल्या कुपनांचा खोका ओतला. त्यांची भोकं कशीही, कुठेही. चुडामणची सगळी डाव्या कोपऱ्यात, एका ओळीत.

"बघ बेटा," शेठ म्हणाले, "हा हात ओळखीचा आहे. आपल्या पोराचं, जिनेशचं अर्धं तिकीट मागितलं, तर या माणसानं भर गाडीत त्याच्या ओठाला बोट लावलं. म्हणे, मिशी फुटलीये, पूर्ण काढा!"

"फुटेलच व्हती," चुडामण म्हणाला.

"अजून तेच!" शेठ इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "ज्यानं मला एक तिकीट सोडलं नाही, तो मला कुपनात फसवणार? दे पातेलं."

बाहेर ओट्यावर तोताराम भांड्यांवर नाव टाकायचं मशीन घेऊन बसला होता. "आबा, आधी स्वर्गवासी लिहू?"

"नको. नुसतं भिकुबाई."

"आणि कोणाकडून?"

"कोणाकडून नाही. तिनं स्वतः घेतलंय."

थंडी पडली आणि गल्लीत वांगी भाजायला लागली. एवढं मोठं पातेलं दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. आज मेघाकडे भरीत, उद्या धुरपदाबाईंकडे वरण-बट्टी. आणि गल्लीत मागून नेलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. चुडामणनं खानावळीचा डबा बंद केला. संध्याकाळी दाराशी झाकण वाजलं की तो ताट घेऊनच उठायचा.